नदीतल्या दगडावरचा बुळबुळीत थर आणि पाच दगडांचा घोळ

घोटावड्याच्या बाजूला मुळेत उतरलात तर दगडावरून पाय सटकतो. आपण त्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो. खरं तर त्या थरात डायटम, हिरवी शैवालं, सायनोबॅक्टेरिया, इतर जिवाणू, बुरशी आणि या सगळ्यांवर चरणारे एकपेशीय जीव अशी अख्खी वस्ती असते. तिला बायोफिल्म म्हणतात.

नदीच्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं म्हटलं की पहिला विचार येतो बाटलीभर पाण्याचा. तळ्यात ते ठीक आहे. पाणी थांबलेलं असतं, त्यामुळे तरंगणारं प्लँक्टन तिथेच वाढतं. वाहत्या नदीत मात्र एका पेशीच्या दोन होईपर्यंत पाणी कित्येक किलोमीटर पुढे गेलेलं असू शकतं. म्हणजे बाटलीत सापडलेला जीव वरच्या एखाद्या डोहात किंवा बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात वाढलेला असू शकतो. दगड जागचा हलत नाही. त्यावर जी वस्ती टिकली, तिने त्याच जागचं पाणी काही आठवडे सोसलेलं असतं. रात्री कुणी सांडपाणी सोडलं आणि आपण सकाळी पाणी तपासलं, तर रासायनिक चाचणीत ते निसटू शकतं. बायोफिल्ममध्ये त्याचा माग राहण्याची शक्यता जास्त.

या वस्तीत डायटम विशेष उपयोगी. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचं असतं आणि त्यावरच्या नक्षीवरून जाती ओळखता येतात. टूथब्रशने दगड घासायचा, सॅम्पल आम्लाने स्वच्छ करायचं, स्लाइड बनवायची आणि साधारण 400 कवचार्ध मोजायचे, ही रूढ पद्धत. निट्झ्शिया पॅलियासारख्या जाती घाण पाण्यातही तग धरतात; त्यांचंच राज्य दिसलं तर लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे जुन्या नोंदीही आहेत. एच. पी. गांधी यांनी 1950 च्या दशकात कोल्हापूर परिसरातले डायटम नोंदवले. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत या विषयावर काम चालतं.

आता मुद्द्याचं. समजा प्रश्न असा आहे: नाला मिसळल्यावर ही वस्ती बदलते का? तुम्ही नाल्याच्या वर पाच दगड घासले, खाली पाच. फरक दिसला. सिद्ध झालं?

नाही. इतकंच कळलं की या दोन जागा वेगळ्या आहेत. खालच्या जागी सावली कमी असेल, प्रवाह संथ असेल, त्यामुळेही वस्ती बदलते. पाच दगड म्हणजे पाच नाले नव्हेत. 1984 मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी या चुकीला नाव दिलं. मराठीत आपण तिला ‘आभासी पुनरावृत्ती’ म्हणू. आकडेमोड बरोबर, पी-व्हॅल्यू झकास, आणि निष्कर्ष मात्र हवेत! अशा निष्कर्षावर उद्या कुणी ‘नदी ठीक आहे’ म्हणून शिक्का मारला, तर भोगणार खालच्या अंगाची गावं.

मग करायचं काय? शक्य असेल तर अनेक नाले घ्या. एकच नाला असेल तर त्याच्या वरच्या अंगाला एकाऐवजी तीन-चार जागा घ्या. नैसर्गिक फरक किती असतो ते कळेल. नाला वळवला जाणार असेल, तर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सॅम्पल घ्या. दगडाचा आकार, खोली, ऊन आणि प्रवाह शक्य तितके सारखे ठेवा. पावसाळ्यात पूर दगड खरवडून काढतो, म्हणून पूर ओसरल्यावर साधारण चार आठवडे थांबा.

प्रपोजल लिहिताना आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याखाली लिहा: माझ्या प्रश्नाचं एकक काय? दगड, जागा, की नाला? हे ठरल्याशिवाय टूथब्रश विकत घेऊ नका.