मॅन्डर्लीची भूल

‘रिबेका’ वाचताना माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला तो एका रेनकोटमुळे. मॅन्डर्ली नावाच्या वाड्यात नव्यानेच आलेली बायको पावसात निघताना घाईघाईत मिळेल तो रेनकोट चढवते. तो तिला लांब होतो. खिशात एक रुमाल सापडतो. त्यावर लिपस्टिकचा डाग, कोपऱ्यात ‘आर’ अक्षर आणि अझेलियाच्या फुलांचा वास. रेनकोटाची मालकीण रिबेका, पहिली बायको, समुद्रात बुडून गेलेली असते.

एकाकी वाडा, बंद पडलेली दालनं, मेलेल्या माणसाचा घरावरचा ताबा ही गॉथिक रहस्यकथेची ठरलेली सामग्री. डॅफ्नी द्यू मॉरिए यांनी १९३८च्या या कादंबरीत ती सगळी वापरली, पण भूत काही आणलं नाही. रुमालाचा वास आणि मिसेस डॅन्व्हर्स या कारभारणीची थंड नजर एवढ्यावर त्यांनी भागवलं. नव्या बायकोला तर त्यांनी नावसुद्धा दिलेलं नाही. लेखनाला सुरुवात झाली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, त्यांच्या नवऱ्याची लष्करी नेमणूक तिथे होती म्हणून. मनात मात्र कॉर्नवॉलचा समुद्र आणि तिथलं मेनाबिली हे जुनं घर. त्या घराची ओढ पानापानांत उतरली आहे, आणि मी दर वेळी तिला भुलते.

माझं भांडण आहे ते पुढच्या भागाशी. (शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावं.) रिबेकाला आपण गोळी घातली, असं नवरा मॅक्झिम सांगतो. ते ऐकून नव्या बायकोला हायसं वाटतं, कारण त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं! रिबेका किती वाईट होती, हे आपल्याला मुख्यतः तिला मारणाराच सांगतो. बेन नावाचा भोळा माणूस तिला घाबरायचा, हे खरं. पण तिची बाजू मांडायला उरतात डॅन्व्हर्स आणि तिचा नात्यातला भाऊ, तो लाळघोटा, पैसे उकळणारा फॅव्हेल. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

हिचकॉकच्या १९४०च्या चित्रपटात तर रिबेका पडून डोक्याला मार लागून मरते, कारण तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांप्रमाणे खुनी मोकळा सुटून चालत नसे. आपल्याकडे याच गोष्टीवरून १९६४ साली ‘कोहरा’ आला. त्यात डॅन्व्हर्सच्या जागी ललिता पवार आहेत. त्यांची नजर पाहिल्यापासून पुस्तकातल्या डॅन्व्हर्सलाही मी तोच चेहरा देते.

मॅक्झिमला शिक्षा व्हायला हवी होती, या मतावर मी ठाम आहे. तरीही रिबेकाची बुडालेली होडी वर काढल्यावर चौकशी सुरू होते, तळाला आतून पाडलेली भोकं निघतात, लंडनच्या डॉक्टरकडे जायचं ठरतं, तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. तो पकडला जाईल, याचीच मला धास्ती वाटत असते. एका खुन्यासाठी द्यू मॉरिए मला देव पाण्यात ठेवायला लावतात, याचा मला अजूनही राग येतो.