परभणीत लिनक्स कुठे टिकलं, कुठे नाही

परभणी जिल्ह्यात संगणक सामान्य माणसाच्या हाती आला तो एमएस-सीआयटीच्या मागून. २००१ साली हा कोर्स चालवणारं एमकेसीएल स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत परभणी शहरापासून सेलू, जिंतूर, गंगाखेडपर्यंत या क्लासच्या पाट्या लागल्या. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागायचं, म्हणून पोरं शिकली. पण शिकली ती विंडोज, वर्ड आणि एक्सेल. मशीन जोडून देणारा दुकानदारही कॉपी मारलेल्या सीडीवरून विंडोज आपणहून टाकून द्यायचा. अशा वेळी विंडोजच्या जागी चालणाऱ्या ‘लिनक्सला पैसे पडत नाहीत’ म्हणून सांगावं, तर समोरचा विचारायचा, “मग विंडोजला कुठं पडतात?” या सवालाला जवाब नव्हता. लिनक्सचा सगळ्यात मोठा मुद्दा आपल्याकडे पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता.

हौशी मंडळी तरीही होती. २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू हे लिनक्सचं एक रूप आलं. त्याच्या सीड्या मागणी नोंदवली की पोस्टाने फुकट घरपोच यायच्या; २०११ पर्यंत ही सोय चालू होती. सीडी घातली, तपकिरी पडदा उजळला, की घरातल्यांची पहिली फर्माईश गाण्याची. आणि नेमकं तेच वाजायचं नाही. एमपी३ चालवणारा भाग पेटंटच्या भानगडीमुळे सीडीत नसायचा. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागे. डायल-अपवर तो उतरता उतरता लोडशेडिंगची वेळ व्हायची. तांत्रिक माणसाला हा किरकोळ अडथळा, घरच्यांच्या लेखी मात्र ‘कॉम्प्युटर बिघडवला’. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला बोलावून विंडोज परत टाकून घेतलं जायचं.

मराठीचं चित्र उलटं होतं. विंडोजवर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे एकमेकांशी न जुळणारे फॉन्ट चालायचे. एका टेबलावर केलेला अर्ज दुसऱ्या टेबलावर उघडला, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी मात्र युनिकोड या सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतावर आधीच ठाम होती. इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी भारतीय भाषांतल्या पडद्यासाठी काम केलं, २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट खुले केले, २००७ मध्ये सी-डॅकने बॉस ही देशी लिनक्स प्रणाली आणली. तरी लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणारे डीटीपीवाले इकडे वळले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही. त्यांचा धंदा पेजमेकर आणि कोरलड्रॉवर चालायचा. पेजमेकरच्या जागी बसू शकेल अशा स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरला देवनागरी जोडाक्षरं धड मांडता यायला २०१७ उजाडलं.

लिनक्स खऱ्या अर्थाने रुजलं ते कोर्टात. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये मंजूर झाला. सुप्रीम कोर्टाच्या ई-समितीने त्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर निवडलं. न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर उबुंटू आलं आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने तयार केली. परभणीचं जिल्हा न्यायालयही याच व्यवस्थेत आलं. सीआयएसमध्ये खटल्याचा टप्पा निवडायचा, पुढची तारीख टाकायची, उद्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीची यादी, काढायचा. कोर्टातल्या कारकुनाची ही रोजची कामं. जिंतूरच्या पक्षकाराने सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मोबाइलवर टाकला, की त्याला तारीख घरबसल्या दिसते. नुसती तारीख विचारायला वकिलाकडे खेटे घालावे लागत नाहीत. त्याच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. या साखळीतल्या बहुतेकांनी लिनक्स हे नाव उच्चारलेलंही नसेल.

घरी हरलेलं लिनक्स कोर्टात टिकलं, कारण तिथे ते कुणाच्या हौसेवर सोडलेलं नव्हतं. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं, माहितीपुस्तिका मिळाल्या आणि मशीन अडलं तर बघायला प्रकल्पाने सिस्टीम ऑफिसर नेमले. केरळने शाळांमध्ये हेच केलं. आधी शिक्षक तयार केले, मग मुलांसमोर लिनक्स ठेवलं. आपल्याकडे शाळांच्या संगणक खोल्यांत विंडोजच राहिलं.

सेतू केंद्रं आणि आपले सरकार केंद्रांतली अडचण निराळी. तिथे अंगठ्याचं मशीन लागतं, डिजिटल सहीचं टोकन लागतं, आणि त्यांची सॉफ्टवेअरं मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांपुढे ठेवून बनतात. दाखल्यासाठी रांग लागलेली असताना केंद्रचालकाने प्रयोग करत बसावं, असं मी तरी सांगणार नाही.

घरच्या संगणकाचं गणित मात्र आता पालटलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. २०१८ पूर्वीची बरीचशी मशीनं त्यात बसत नाहीत. लिनक्स मिंट त्यांवर चालतं, आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तर चांगलंच पळतं. एमपी३ ची पेटंटं २०१७ मध्येच संपली. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून निवडला की मराठी टाइप होतं. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ असे देखणे खुले फॉन्ट आहेत. वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं लिबरऑफिस मराठीतून शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत.

वीस-पंचवीस वर्षांचा माझा निष्कर्ष एवढाच, की परभणीत लिनक्स किमतीवर जिंकलं नाही आणि किमतीमुळे हरलंही नाही. अडल्यावर हाक मारायला माणूस होता तिथे ते टिकलं. हा माणूस घडवायचं काम आपल्या कॉलेजांना आणि संगणक क्लासवाल्यांना सहज जमण्यासारखं आहे. विंडोजच्या जोडीला आठवडाभर लिनक्स शिकवलं तरी सुरुवात होईल.

आणि जुना संगणक भंगारात काढण्याआधी एक करा. पेन ड्राइव्हवर मिंट घेऊन, संगणकातलं काही न पुसता, मशीन त्यावरून चालू करा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, जुन्या मराठी फाइली वाचता येतात का ते बघा, आणि प्रिंटर जोडून एक पान छापा. पान निघालं तर पुढे जा. नाही निघालं, तर जाणकार माणूस मिळेपर्यंत थांबा.