तट गेला, रेटा राहिला

छत्रपती संभाजीनगरच्या मकाई दरवाजाखालून आजही वाहतूक चालते. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीत १६१२ साली भडकल दरवाजा उभा राहिला. पुढे १६८२ मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तटबंदी घातली. दिल्ली, जालना, पैठण आणि मकाई हे तिचे चार मोठे दरवाजे. आज तट बहुतेक ठिकाणी उरलेला नाही. तट पाडला तरी दरवाजा वाचला, असं आपण समाधान मानतो. कमानीला मात्र हा सौदा फार महागात पडतो.

का, ते पाहायला साध्या दारापासून सुरुवात करू. कुठल्याही नव्या घराच्या दारावर काँक्रीटची आडवी लिंटल असते. वरच्या वजनाने ती खालच्या अंगाला ताणली जाते आणि तो ताण आतल्या सळया घेतात. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, दाब प्रचंड सोसतो. ताण सोसण्याची ताकद साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याची. म्हणून कमान. पाचरीसारखा घडवलेला प्रत्येक दगड खाली घसरू पाहतो, शेजारच्याला दाबतो आणि तिथेच अडकतो. सगळा भार दाबाच्या वाटेने उतरतो, पण बुडाशी पोचताना तिरका, बाहेरच्या बाजूला. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये याचं मर्म ओळखलं होतं: लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा आकार मिळतो. साखळी दोन्ही खुंट्यांना जितकी आत ओढते, तितकीच कमान दोन्ही खांद्यांना बाहेर रेटते. दिवसरात्र, शतकानुशतकं.

दख्खनच्या गवंड्यांनी उंच, टोकदार कमानी बांधल्या. गाळा आणि वजन तेच ठेवून उंची दुप्पट केली, तर रेटा जवळपास निम्म्यावर येतो. उरलेला रेटा पेलायला दोन्ही बाजूंचे बुरूज आणि त्यांना चिकटून धावणारा तट. तट ही दरवाजाची सजावट नव्हती, तो कमानीचाच भाग होता.

तट काढला की सारा रेटा एकट्या बुरुजांवर येतो. ते भक्कम असले तर कमान पडत नाही. पण एखादा जरी किंचित बाहेर सरकला, तरी कमानीच्या माथ्याला खालून भेग पडते. भेगेत पाणी मुरतं, पिंपळ रुजतो. मग कुणीतरी दरजा सिमेंटने भरतं. चुना मऊ, हालचाल सोसणारा, ओल बाहेर सोडणारा. सिमेंट ताठ, ओल कोंडणारं.

भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी, स्वस्त पद्धत आहे. पट्टी तडकली, तर भेग अजून रुंदावते आहे. बुरूज सरकत असेल, तर डागडुजी माथ्यापासून नव्हे, त्याच्या पायापासून सुरू करावी लागते.