शुभ्र वाळूचे मूळ



मरुभूमी म्हणजे पाण्याचा अभाव, ही समजूत आपल्या मनात दृढ आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील 'व्हाइट सँड्स' हे राष्ट्रीय उद्यान पाहिल्यावर मला ती तपासून घ्यावी लागली. तेथील वाळूच्या टेकड्या हिमासारख्या शुभ्र आहेत. ही वाळू जिप्सम या खनिजाची. सुमारे ७०० चौरस किलोमीटरांचा हा विस्तार या प्रकारात जगात सर्वांत मोठा आहे.

जिप्सम पाण्यात विरघळते आणि एरवी नद्यांबरोबर समुद्रास मिळते. तुलारोसाच्या खोऱ्यातून मात्र पाण्याला बाहेर वाट नाही. पावसाने डोंगरांतून आणलेले जिप्सम खोऱ्याच्या तळाशी साचते. पाणी उन्हाने आटले की ल्युसेरो तळ्याच्या काठी स्फटिक उरतात. ऊन, थंडी आणि वारा यांनी त्यांचा चुरा होतो व नैर्ऋत्येचा वारा तो पुढे लोटतो. काही टेकड्या वर्षाला नऊ मीटरपर्यंत सरकतात. 'युका' नावाची वनस्पती वाळूत गाडली जाऊ नये म्हणून खोड उंचावत राहते. टेकडी पुढे सरकली की तेच उंच खोड निराधार होऊन कोसळते.

भर दुपारी मी तेथे अनवाणी चाललो, तरी पाय पोळले नाहीत. शुभ्र कण ऊन परतवून लावतात आणि आत ओलावा असतो. भूजल अगदी वर असल्याने त्या ओलाव्यानेच टेकड्यांचा तळ धरून ठेवला आहे. भूजल खोल गेले, तर वाळू सुटी होऊन वाऱ्यावर जाईल. ही भूमी १९३३ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली गेली आणि २०१९ साली राष्ट्रीय उद्यान झाली. परंतु उद्यानाची सीमा जमिनीखालच्या पाण्याला ठाऊक नसते.

आपल्या इंदुरास १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. नळ आले आणि विहिरींकडे पाहणे आपण सोडले. जे डोळ्यांना दिसत नाही त्यावरच जे दिसते ते उभे असते, हे त्या वाळवंटाने मला शिकविले. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या गुरुजनांच्या हातातील खडूही बहुधा याच खनिजाचा असे. त्यांचे ऋण फेडण्याचा एक मार्ग म्हणून, मित्रहो, प्रत्येकाने आपल्या आळीतील एक तरी विहीर जिवंत राखावी, एवढीच माझी विनंती आहे.