आईला घेऊन नगरपर्यंत



आपल्या या पानावर बाप्तिस्मे, लग्नं, वाढदिवस आणि निधनाच्या बातम्या नेहमी येतात. त्या वाचताना जाणवतं, की लष्करातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांची निम्मी माणसं इथे आणि निम्मी पाचशे-हजार किलोमीटरवर आहेत. कुणी इंदूरला, कुणी नाशिकला, कुणी नगरला. गेल्याची बातमी फोनवर कळते आणि रेल्वेचं तिकीट मिळेपर्यंत तिकडे अंत्यविधी उरकलेला असतो. आमच्या घरात गेल्या चार वर्षांत हे तीनदा झालं. म्हणून या मे महिन्यात आम्ही ठरवलं, की मातीला धावत जाण्यापेक्षा माणसं आहेत तोवर त्यांच्या दारी जाऊन यायचं. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं, असे पाच जण आमच्या गाडीने निघालो आणि बारा दिवसांनी परतलो. त्या प्रवासाबद्दल चार शब्द लिहितो.

आई ७८ वर्षांची आहे. माहेर नगरचं. लग्न होऊन लष्करात आली त्याला आता ५६ वर्षं झाली. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून नगरच्या मामांचा एकच धोशा : "ताईला इकडे आणून सोड. आता तिकडे तिचं कोण आहे?" आम्ही आहोत, असं मी प्रत्येक वेळी म्हणायचो. पण मामा विचारत होते ते तिच्या पिढीच्या माणसांबद्दल. तिच्याशी लहानपणच्या गोष्टी बोलणारं लष्करात आता खरंच कुणी उरलेलं नाही. हा प्रश्न आमच्याबरोबर गाडीत बसूनच आला होता. वाटेत त्याबद्दल कुणी बोललं नाही.

आपला रस्ता म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता. शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास करत इंदूर सुमारे ५०० किलोमीटर. पहाटे चारला निघालो, म्हणजे ऊन चढायच्या आत गुना मागे पडलं. आईच्या गुडघ्यांसाठी दर दीड-दोन तासांनी थांबत गेलो. या वाटेने मराठी माणूस दोनशे वर्षांहून जास्त काळ जा-ये करतो आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या तळाचं शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे आले. बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी पोचले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं. मी मुलांना हे सांगत होतो, तर मुलगा म्हणाला, "आणि आपण लोक लाडू घेऊन चाललो." डिकीत नया बाजारातल्या बुंदीच्या लाडवांचे सहा डबे होते.

"आपण लोक" हे आमच्या लष्करी मराठीचं खास लेणं. इंदूरला आत्याकडे कुणाच्या कानाला ते खटकलं नाही, कारण तिथेही तसंच बोलतात. आत्याचे यजमान कॅनेडियन मिशनने १८८७ साली सुरू केलेल्या इंदूर ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले. त्यांनी मुलांना जुने फोटो दाखवले. त्यातल्या एका फोटोत माझे वडील विशीतले आहेत, मिशी नसलेले. मुलांनी आजोबांना असं कधी पाहिलंच नव्हतं. आत्याने तो फोटो काढून आईच्या हातात दिला. आईने तो पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "निघायचं ना उद्या लवकर?"

दुसऱ्या दिवशी खलघाटला नर्मदा ओलांडली. सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट संपला, की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द लागते आणि दुकानांच्या पाट्या मराठी होतात. मुलगी दहावीला आहे, मराठी बोलते पण वाचताना अडखळते. शिरपूरपासून तिने पाट्या वाचायला घेतल्या आणि धुळ्यापर्यंत बऱ्यापैकी वेग धरला. शाळेत न शिकवलेली भाषा मुलांना अशीही शिकवता येते.

नाशिकला मावशीकडे दोन रात्री राहिलो. मावशीची खोली शरणपूर भागात आहे. हे शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात वसवलं. जातीने, घराने टाकलेल्या नव्या ख्रिस्ती माणसांना आसरा मिळावा म्हणून ही वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथेच शिकली. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात डॉ. लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी त्यांचा देह महिनोन्‌महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. त्यांत जेकब होता. पुढे १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हाही तो हजर होता. ज्याला स्वतःच्या घरचा पत्ता उरला नव्हता, त्याने दुसऱ्याला त्याच्या घरी पोचवलं. ही गोष्ट मावशीने सांगितली आणि मुलगा पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवून ऐकत बसला.

नाशिकहून नगरला आम्ही सिन्नर, शिर्डी, राहुरी असे गेलो. या पट्ट्यात लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येतेच. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षं दोघांचा संसार राहुरीला होता. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे, की त्या सगळ्या ओढाताणीत माणसं रागावली, रडली, तरी एकमेकांची खबर घेत राहिली.

आमच्या घरातही तसंच. आईच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या धाकट्या भावाने घेतला नाही. ते घर राहुरी तालुक्यात अजून शेती करून आहे. आईने हट्टाने गाडी तिकडे वळवायला लावली. तिला शेवटचं तिथे जाऊन २२ वर्षं झाली होती. दारात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आईने नाव सांगितलं, तर ते उठून म्हणाले, "आगं, तू तर आमची बाई!" बाजरीची भाकरी, ठेचा, पिठलं झालं. जेवायच्या आधी आम्ही नेहमीप्रमाणे प्रार्थना केली, तेव्हा घरातली सगळी माणसं डोक्यावर पदर, टोपी सावरून उभी राहिली. कुणी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. निघताना आईची ओटी भरली. तिने ती भरू दिली.

नगरला मामा अंथरुणाला खिळलेले. वय ८४. मामी गेल्या वर्षी गेल्या. मुलगा-सून दोघं नोकरीला, दिवसभर एक बाई बघायला येते. आईला पाहून मामा रडले आणि मग चार दिवस दोघांच्या गप्पा थांबल्या नाहीत. नगर म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाचं जुनं माहेर. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं. 'ज्ञानोदय' १८४२ साली इथूनच निघालं. सिंथिया फॅरार बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं. मामा हे सगळं मुलांना पडल्या-पडल्या सांगत, आणि मधेच आईला विचारत, "तुला आठवतं ना गं?"

एक दिवस केडगावला मामेबहिणीकडे जाऊन आलो. हे दौंडजवळचं केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. रमाबाईंचं लहानपण सगळं वाटेवरच गेलं. आईवडिलांबरोबर तीर्थं करत देशभर पायी हिंडल्या. दुष्काळात आईवडील गेले. बहीण गेली. मग भावाबरोबर चालत राहिल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. परत जायला घर नव्हतंच. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि त्यांना केडगावात घर दिलं. ज्यांचा रमाबाईंवर मोठा प्रभाव पडला, ते फादर नेहेम्या गोरे तर आपल्या शेजारचे. झाशीजवळच्या काशीपुरात १८२५ साली जन्मलेले नीलकंठशास्त्री ते हेच. त्यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे पुण्यात राहिले. तेव्हा उत्तरेत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःला दूरचा पाहुणा समजायचं कारण नाही, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं.

नगरहून निघायच्या आदल्या रात्री आईने आपण होऊन विषय काढला. म्हणाली, "मी नाताळापर्यंत इथे राहते. दादाला माझी गरज आहे. पण माझी खोली कुणाला देऊ नका. माझी जागा तुझ्या बाबांशेजारीच आहे, ती लष्करात." मामांना वाटलं होतं कायमची राहील. मला वाटलं होतं लगेच परत येईल. आम्हा दोघांनाही हवं तसं झालं नाही, आणि दोघांनाही नाही म्हणता आलं नाही. तिचा ठराव तिनेच केला होता. इतकी वर्षं आम्ही सगळे तिला कुठे ठेवायचं यावर बोलत होतो. तिला कुठे राहायचं आहे, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

परतताना मनमाड, धुळे करत आलो. मागच्या सीटवर आईच्या जागी कुरडया, शेवया, पापड आणि मामांनी दिलेलं जुनं उपासनासंगीत होतं. येऊन-जाऊन सुमारे २,४०० किलोमीटर झाले. घरात शिरल्यावर मुलीने आजीच्या खोलीची खिडकी उघडली आणि गादीवरची चादर बदलली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत कुणी असं निघणार असेल, तर अनुभवाच्या दोन-तीन गोष्टी. उन्हाळ्यात पहाटे निघा आणि दुपारी बाराला थांबा. एका घरी दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नका, यजमानांनाही घर असतं. जमिनीचे आणि वाटणीचे विषय घरीच ठेवून जा. एक वही बरोबर न्या आणि म्हाताऱ्या माणसांकडून नावं, गावं, बाप्तिस्म्याची सालं लिहून घ्या. आमच्या मुलीने ४१ नावं लिहिली, त्यांतली निम्मी मला ठाऊक नव्हती. आणि बरोबरच्या वडीलधाऱ्या माणसाला वाटेत कुठे वळायचं असेल, तर गाडी वळवा.

आई रोज रात्री आठला फोन करते. मामांना आता धरून खुर्चीत बसवता येतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला आणायला जाणार आहोत. इंदूर, नाशिककडे कुणाला काही पाठवायचं असेल तर कळवावं, डिकीत जागा आहे.

आपला,
लष्करचा एक वाचक