प्रशासनातील तज्ज्ञांचा थेट प्रवेश : एक जुना प्रश्न

शासनाच्या कामाचे स्वरूप गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ बदलले आहे. महसूल गोळा करणे व शांतता राखणे एवढ्यापुरता एकेकाळी मर्यादित असलेला कारभार आज पाटबंधारे, वीज, सार्वजनिक आरोग्य, नागरी विमानवाहतूक, माहिती तंत्रज्ञान अशा अनेक क्षेत्रांत पसरला आहे. साहजिकच वरिष्ठ पदांवर केवळ स्पर्धा परीक्षेतून आलेले आणि सर्व विषयांची सर्वसाधारण जाण असलेले अधिकारीच असावेत, की एखाद्या विषयात दीर्घकाळ काम केलेल्या तज्ज्ञांनाही सेवेबाहेरून थेट घ्यावे, हा प्रश्न वारंवार पुढे येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाची एक जाहिरात तीन दिवसांत मागे घेण्यात आली, तेव्हा या प्रश्नाची देशभर चर्चा झाली. या चर्चेत येणारे बहुतेक मुद्दे एका अभियंत्याच्या आयुष्यात पूर्वीच येऊन गेले होते आणि त्याच्या कर्तृत्वाचा एक भाग पुण्याजवळील खडकवासला येथे घडला होता.

खडकवासल्याचे दरवाजे

मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९-८०च्या सुमारास पूर्ण झाले. पुणे शहर व लष्कराची वस्ती यांना पाणी आणि पूर्वेकडील शेतीला कालवे हा त्याचा हेतू होता. सांडव्यावरून दर पावसाळ्यात बरेच पाणी वाहून जाई. ते अडविण्यासाठी धरणाची भिंत उंच केल्यास तिच्यावरील भार वाढला असता. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी यावर स्वयंचलित दरवाजांचा उपाय योजिला. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरताच आपोआप मिटत. १९०३ साली ते खडकवासला येथे प्रथम बसविण्यात आले व भिंतीची उंची न वाढविता साठा वाढला. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा खडकवासला धरणासही भगदाड पडले आणि नंतर त्याची पुनर्बांधणी करण्यात आली.

विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले होते. १८८४ साली ते मुंबई सरकारच्या सेवेत रुजू झाले. त्या काळी मुख्य अभियंत्याचे पद भारतीयास मिळणे दुरापास्त होते. १९०८ साली त्यांनी मुदतीपूर्वी सेवा सोडली.

मैसूरचा अनुभव

जन्माने विश्वेश्वरय्या मैसूर संस्थानचे. परंतु त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झालेली. १९०९ साली मैसूरने त्यांना मुख्य अभियंता म्हणून पाचारण केले आणि १९१२ साली महाराज कृष्णराज वडियार यांनी त्यांना दिवाणपद दिले. एका अभियंत्याच्या हाती संपूर्ण संस्थानचा कारभार आला. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले होते. ते पुढे चालू राहिले. १९१३ साली बँक ऑफ मैसूर व १९१६ साली मैसूर विद्यापीठ स्थापन झाले. तज्ज्ञास पुरेसे अधिकार, पुरेसा कालावधी व राज्यकर्त्यांचा पाठिंबा मिळाला तर तो केवढे काम उभे करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

या कारकिर्दीचा शेवट मात्र मतभेदात झाला. संस्थानच्या नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी जोर धरू लागली होती. महाराज तिला अनुकूल होते. नेमणुकीत गुणवत्ता हाच निकष असावा, असे दिवाणांचे मत होते. १९१८ साली महाराजांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली आणि त्याच वर्षी विश्वेश्वरय्या दिवाणपदावरून दूर झाले. त्यापूर्वी, २६ जुलै १९०२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला होता. तज्ज्ञता आणि प्रतिनिधित्व यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न असा शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

स्वातंत्र्यानंतरची वाटचाल

स्वतंत्र भारतात तज्ज्ञांना वरिष्ठ पदे अनेक मार्गांनी मिळाली. अणुऊर्जा व अवकाश या विभागांचे सचिवपद शास्त्रज्ञांकडे देण्याचा प्रघात डॉ. होमी भाभा व प्रा. सतीश धवन यांच्यापासून पडला. अर्थ विषयात डॉ. मनमोहन सिंग १९७१ साली विद्यापीठातून आर्थिक सल्लागार म्हणून शासनात आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर आणि पुढे अर्थतज्ज्ञ झालेले डॉ. विजय केळकर हे पेट्रोलियम सचिव व नंतर वित्त सचिव झाले. महाराष्ट्राच्या पाटबंधारे सेवेतून पुढे आलेले श्री. माधवराव चितळे हे केंद्रीय जलसंपत्ती खात्याचे सचिव होते. मात्र ते बाहेरून आलेले नव्हते, तर तांत्रिक सेवेतूनच वर चढले होते. सेवेतील तज्ज्ञांना वाव देणे हाही एक मार्ग आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

या नेमणुका बहुधा व्यक्ती पाहून होत. खुली जाहिरात व लोकसेवा आयोगामार्फत निवड, अशी पद्धती २०१८ पासून केंद्राने अवलंबिली. त्या वर्षी सहसचिवांच्या १० पदांसाठी अर्ज मागविण्यात आले व २०१९ साली ९ जणांची निवड झाली. मुदत तीन वर्षांची, ती पाच वर्षांपर्यंत वाढविता येई. २०२१ साली सहसचिव, संचालक व उपसचिव या पदांसाठी आणखी ३१ जणांची शिफारस झाली.

जाहिरात मागे का घेण्यात आली?

१७ ऑगस्ट २०२४ रोजी एकूण ४५ पदांची जाहिरात निघाली. तीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी राखीव जागा नव्हत्या. प्रत्येक पद स्वतंत्र व एकाकी धरले, तर त्यास आरक्षण लागू होत नाही, अशी यामागील भूमिका होती. परंतु एकाच वेळी, एकाच पद्धतीने भरावयाची ४५ पदे एकेकटी कशी मानावीत, असा आक्षेप घेण्यात आला. २० ऑगस्ट रोजी केंद्र शासनाने सामाजिक न्यायाचे तत्त्व नमूद करून आयोगास जाहिरात रद्द करण्याची विनंती केली.

आक्षेप एवढाच नाही. तीन वर्षांत खात्याची कार्यपद्धती समजते न समजते तोच मुदत संपते. खाजगी क्षेत्रातून आलेली व्यक्ती मुदतीनंतर त्याच क्षेत्रात परत जाणार असेल, तर तिच्या निर्णयांकडे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. जिल्ह्यात व तालुक्यात काम केल्याने येणारी जाण तिच्यापाशी नसते, असेही म्हटले जाते. उलटपक्षी, वारंवार बदल्या होणाऱ्या अधिकाऱ्यास एखाद्या विषयात खोलवर जाण्याची सवड मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या दोन्ही बाजू लक्षात घेता काही गोष्टी आवश्यक वाटतात. कोणत्या पदास बाहेरच्या तज्ज्ञाची गरज आहे, ते कारणांसह आधी जाहीर व्हावे. निवड लोकसेवा आयोगामार्फतच व्हावी. एकत्र भरावयाच्या पदांना आरक्षणाचे तत्त्व कसे लागू करावयाचे, याचा नियम जाहिरातीपूर्वी ठरावा. हितसंबंधांची माहिती उघड करण्याचे बंधन असावे आणि मुदतीअखेर कामाचे मूल्यमापन व्हावे. खात्यांतील अभियंते, डॉक्टर व कृषितज्ज्ञ यांनाही वरच्या पदांचा मार्ग मोकळा असावा.

हा विषय केवळ दिल्लीचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. गावच्या नळपाणी योजनेचा आराखडा अभियंता तयार करतो, त्यास तांत्रिक मंजुरी मिळते. पण पाणी प्रथम कोणत्या वस्तीला द्यावयाचे, हे ग्रामसभेत ठरते. अभियंत्याचे म्हणणे डावलल्यास योजना बिघडते आणि वस्तीचे म्हणणे डावलल्यास योजना गावाला आपली वाटत नाही. पंचायतीच्या सदस्यांना हा अनुभव नवा नाही. वरिष्ठ पदांवर तज्ज्ञ नेमतानाही हेच भान ठेवावे लागेल.