अर्थची वायर

काश्मिरी गेट मेट्रो स्टेशनातून वर आलं की जूनचं ऊन आधी डोळ्यांवर येतं. साडेदहाच वाजलेत, तरी वारा कोरडा आणि कढत. खाली लाल, पिवळी आणि जांभळी अशा तीन मार्गिका एकत्र येतात. वर सगळी गर्दी भिंतीच्या कडेकडेनं, हातभर सावली धरून चालते. थोडं पुढे दोन कमानींचा जुना दरवाजा. 1857च्या सप्टेंबरातल्या तोफांच्या खुणा त्याच्या अंगावर अजून दिसतात. त्याच्याकडे बघायला कुणी थांबत नाही. इथे येणाऱ्या बहुतेकांची गाडी कुठेतरी बंद पडलेली असते.

हॅमिल्टन रोडवर दुकानाला दुकान चिकटलेलं. दाराच्या चौकटीला पट्ट्यांच्या माळा, त्यांच्यामागे हेडलाइटच्या काचा, छताला टांगलेले सायलेन्सर. रबर, ग्रीस आणि तापलेल्या पत्र्याचा मिळून एक वास. एक हमाल डोक्यावर चुंबळ ठेवून अख्खा गिअरबॉक्स नेतोय. त्याला वाट द्यायला ई-रिक्षासुद्धा थांबते. सुट्या भागांच्या देशातल्या मोठ्या बाजारांपैकी हा एक. वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं दाराचं हँडल मागा, दुकानदार मान वर न करता पोराला खण सांगतो.

मोरी गेटच्या बाजूला वळलं की फलक दिसतो, ‘गोखले मार्केट’. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाचं पाऊल इथे क्षणभर रेंगाळतंच. मार्केटच्या अलीकडे एक कडुनिंब, आणि त्याच्या सावलीत मेकॅनिक उस्तादांचं दुकान. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, दोन स्टुलं, पाण्याचा माठ. समोर पाच गाड्या रांगेत. सावली पहिल्या दोघींपुरतीच. बाकीच्यांची बॉनेटं उघडी, मालक भिंतीला टेकून.

पहिल्या गाडीची चावी फिरते. टक-टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे दर ठोक्याला मिणमिणतात. उस्ताद जागचे हलतही नाहीत. “बैटरी बैठ गई.” मीटर लावून पोरगा आकडा वाचतो, 11.4. भरलेली बॅटरी शांत उभी असताना 12.6च्या आसपास दाखवते. 12च्या खाली आली की तिच्यात फारसं काही उरलेलं नसतं. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. ती जानेवारीच्या धुक्यात बंद पडते हे खरं, पण तिला मारलेलं असतं या उन्हानं. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आज दिल्लीचा पारा 44वर जाणार, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त.

दुसऱ्या गाडीचा आवाज वेगळा. सेल्फ झकास फिरतो, घर्र-घर्र-घर्र, पण इंजिन पकडतच नाही. उस्ताद हात वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि मागच्या सीटवर कान टेकतात. “चाबी ऑन कर. सेल्फ मत मारना.” इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. सगळे कान देतात. काही नाही. उस्ताद टाकीखाली मुठीनं दोनदा ठोकतात, पुन्हा चावी. आता बारीकशी गुणगुण येते आणि गाडी सुरू होते. मालक हसतो. उस्ताद हसत नाहीत. ठोकून उठलेला पंप पुन्हा कधी बसेल याचा नेम नाही. आज संध्याकाळीच बदला, असं ते त्याला बजावतात.

तिसरी गाडी उन्हात आहे. करडी, पेट्रोलची, चौदाव्या वर्षातली. मागच्या काचेवर फिकट झालेलं ‘मोरया’. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले एक काका, हातात रुमाल. मी मराठीत विचारल्यावर त्यांचा चेहरा खुलतो.

“पहाडगंजातून आलो. सकाळी गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरला चटकन सुरू झाली. इथे येऊन बंद केली, ती आता उठतच नाही हो.”

“बॅटरी बघितली?”

“परवा एकानं सांगितलं, बदलूनच टाका. चार हजारांच्या आसपास. पण ही घेऊन वर्षच झालंय.” ते थांबतात. “तसं हिला तरी किती दिवस राहिलेत?”

दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला 15 वर्षं, डिझेलच्या गाडीला 10 अशी वयाची मर्यादा घातली गेली. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्क्या केलेल्या या नियमाची अंमलबजावणी पुढे कधी कडक झाली, कधी सैल. पण चौदाव्या वर्षातल्या गाडीचा मालक प्रत्येक खर्च त्या तारखेशी ताडून बघतो. काकांचा हात बोलता बोलता दाराच्या कडेवर फिरतोय. पत्रा चटका देतो, तसा ते हात रुमालावर घेतात.

पाऊण तास जातो. बंट्यावाला, म्हणजे गोटीसोडावाला, येतो, गोटी दाबून बाटली फोडतो, लिंबू आणि काळं मीठ टाकतो. आम्ही एकेक पितो. कडुनिंबाची सावली सरकत सरकत करड्या गाडीच्या बंपरपर्यंत येते.

“हां बाऊजी, लाइट जलाइए.”

काका हेडलाइट लावतात. उस्ताद समोर तळहात धरून प्रकाश बघतात. “अब सेल्फ.” एकच आवाज येतो. कट्. पुढे काही नाही. तळहातावरचा उजेड मात्र तसाच, जराही कमी नाही. उस्ताद मान हलवतात, आणि मला कळतं की त्यांना सापडलंय.

हेडलाइटच्या एका बल्बला पाचेक अँपिअर पुरतात. सेल्फला इंजिन फिरवायला शंभर-दीडशे लागतात. बॅटरी दुबळी असती तर तो भार पडताच दिवे मलूल झाले असते. दिवे हलले नाहीत, म्हणजे बॅटरीवर भार पडलाच नाही. करंट आहे, पण वाटेत कुठेतरी अडलाय. आणि धक्क्यानं गाडी सुरू होते, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही जागेवर आहेत.

मीटर निघतो. बॅटरी 12.5. उस्ताद एक टोक बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर धरतात, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. “मारिए.” कट्. इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. काटा सहाच्या पुढे जातो. निम्मी ताकद इंजिनाकडून बॅटरीकडे परतीच्या वाटेवरच खर्च होतेय.

पोरगा गाडीखाली सरपटतो. डांबर इतकं तापलंय की आधी गोणपाट अंथरावं लागतं. पान्याची कुरकुर, मग शांतता, मग एक हात बाहेर येतो. हातात अर्थची वायर. वीतभर लांब, तांब्याच्या तारांची चपटी वेणी. मध्ये ठीक दिसते. टोकाशी, बोल्टच्या डोळ्यापाशी, हिरवट-पांढरी भुकटी. उस्ताद ती वायर अंगठ्यानं वाकवतात, तशा तारा कोरड्या गवतासारख्या तुटतात. धरून आहेत त्या चार-पाचच.

काका चष्मा वर करून ती डोळ्यांजवळ नेतात. “एवढीशी?”

नवी आणायला मी पोराबरोबर जातो. गोखले मार्केटात तिसऱ्या दुकानात मिळते, दीडशे रुपयांना. परत येईपर्यंत उस्तादांनी इंजिनावरची जागा पॉलिश पेपरनं घासून रुप्यासारखी केलीय. बॅटरीच्या टर्मिनलांवर माठातलं पाणी गरम करून ओतलंय. खारासारखा पांढरा थर फेसाळत खाली जातो. घासल्याशिवाय वायर लावायची नाही, ते पोराला सांगतात, रंगावर आणि गंजावर करंट चढत नाही.

बोल्ट आवळला जातो. “बाऊजी.”

चावी फिरते आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होते. भिंतीला टेकलेले दोघेजण सरळ होतात. काका स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसतात.

“अब बंद कीजिए.”

काका माझ्याकडे बघतात. सकाळपासून ही गाडी बंद झाली की उठलेली नाही. बोटं चावीवर आहेत, पण फिरत नाहीत. उस्ताद घाई करत नाहीत. फडक्याला हात पुसत उभे राहतात. शेवटी काका चावी मागे घेतात. इंजिन थांबतं. रस्त्यावरचे सगळे हॉर्न एकदम ऐकू येतात.

मग ते पुन्हा फिरवतात. गाडी उठते. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी उस्तादांनी सांगितलेलंही नसतं.

तुटकी वायर काका वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवतात आणि रांगेतून गाडी बाहेर काढतात. रिकाम्या झालेल्या सावलीत चौथी गाडी ढकलत येते. उस्ताद पाण्याचे दोन घोट घेतात, तिच्या बॉनेटवर हात टेकतात आणि म्हणतात, “चाबी घुमाओ.”